दिवेलागणीनंतरची शेगडी

जबाब, दि. १७/०९/२०२४

मी, गुणमाला धन्यकुमार मगदूम, वय ६३ वर्षे, धंदा शिवणकाम व ग्रामवाचनालयात पुस्तके देणे, रा. जैन मंदिरामागे, ता. पलूस, जि. सांगली. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. भिंतीला भिंत लागून बनुबाई जोतीराम सूर्यवंशी, वय ६८, शेतमजुरी, या राहतात. त्याही एकट्याच.

आधी रेशनचे रॉकेल बंद झाले. मग खात्यात जमा होणारे गॅसचे अनुदानही थांबले. एकटीच्या जिवावर टाकी भरणे दोघींनाही जमेना. बनुबाई उसाच्या पाचटावर चूल पेटवू लागल्या. त्यांचा खोकला मला भिंतीतून ऐकू येई. मी सूर्यास्ताआधी जेवते, त्यानंतर माझी शेगडी पेटत नाही. म्हणून टाकी दोघींत भरायची ठरले. दिवस माझा, दिवेलागणीनंतरचा वेळ त्यांचा. एक किल्ली त्यांच्याकडे असते. याला तीन वर्षे झाली. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी कांदा आणला नाही. मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "आवं, कांदा काय गॅसवर खायाचा असतोय व्हय? घरला जाऊन बुक्कीनं फोडती."

त्यांची एकच अट होती, गल्लीत कळता कामा नये. मी शब्द दिला होता.

काल मी डोळे तपासण्यासाठी सांगलीस विश्रामबागेत मुलगी ब्राह्मी हिच्याकडे गेले होते. घरास कुलूप होते. सायंकाळी साडेसातच्या सुमारास, समोर नव्याने राहायला आलेले वीरधवल घोरपडे यांनी बनुबाईंना माझे कुलूप उघडताना व थोड्या वेळाने पदराखाली काही झाकून बाहेर पडताना पाहिले आणि पोलिसांना फोन केला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पदराखाली आमटीचे पातेले होते. चौकशीत बनुबाईंनी नावापलीकडे काही सांगितले नाही.

ठाण्यातून फोन आल्यावरून आज सकाळी पहिल्या एसटीने मी येथे आले. जबाबापूर्वी त्यांना विचारले, "शब्द मोडू का?" त्या म्हणाल्या, "मोडा. पर म्या मागितलं आसं लिवू देऊ नका."

तरी चोरी झालेली नाही. अनुदान कागदावरच्या एका ओळीने गेले. आमची शेगडी तीन वर्षांत एक दिवसही थंड राहिली नाही, ती आम्ही दोघींनी पेटती ठेवली. यात आम्ही मान खाली घालावी असे काही नाही. कोणी घालायची, ते ज्याचे त्याने पाहावे. टाकी कोणाची, असे हवालदारसाहेबांनी विचारले. सूर्यास्तापर्यंत माझी, पुढे बनुबाईंची.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'शेजारणीस मदत करते' असे होते. ते खोडून 'दोघींचा निम्मा निम्मा वाटा आहे' असे लिहायला लावले व खाडाखोडीवर सही केली. पुन्हा मोठ्याने वाचण्यास सांगितले. बनुबाई बाकावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, आता बरोबर हाय."