गगनवेध बुडाली म्हणतात

"हॅलो?… हॅलो, रीता? अगं, नाहीद बोलून राह्यली, आरमोरीहून! मोठ्यानं बोल, बाहेर दगडफेक सुरू आहे!"

नाहीद टेबलाखाली बसून बोलत होती. माणसांना रॉकेटनं आभाळात नेऊ म्हणणाऱ्या गगनवेध कंपनीची इंजिन तपासायची शेड इथं जंगलात होती. शेडच्या हापिसातला फोन अन् भोंगा नाहीदच्या ताब्यात असे. रीता तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता कंपनीच्या नागपूर कचेरीत कामाला; फोन तिच्या खोलीवर लागला होता.

"पहिले हे सांग, कंपनी बुडाली काय?… साहेब पेपरात काय बोलला ते नको सांगू… अफवा? मंग इंजिन न्यायले ट्रक काऊन आला? संगं सळाका घेऊन गुंडे काऊन आले?… हो, आपले लोकं भिडले ना त्यायले! गावातल्या पोचूचा हात मोडला गुंड्यायनं. मंग लोकं पिसाळले. एका गुंड्याले ट्रकातून खाली ओढून तुडवलं… अगं, ऐक ना! प्रफुल…"

खिडकीची काच फुटून आत सांडली. नाहीदचा गाल चिरला. रिसीव्हर तिनं सोडला नाही.

"प्रफुल इथीच आहे. माह्याजवळ, जमिनीवर… नाई, गुंड्यायनं नाई मारलं. आपल्याच लोकायनं मारलं तुह्या भावाले… काऊन म्हणजे? उन्हाळ्यापासून घरोघरी तोच सांगत होता ना, माही बहीन मोठ्या हापिसात आहे, ती म्हणते कंपनी पक्की आहे. नथ्थूभाऊनं त्याच्या शब्दावर धानाची बांधी, पिकतं वावर, दिलं रॉकेटच्या मैदानासाठी. आज ट्रक पाहून म्हणाले, हाच दलाल. नथ्थूभाऊनं लोखंडी सब्बल घातली डोक्यात… रडू नको! मी ओढत आत आणलं त्याले. आता दार तोडून राह्यले."

दाराची वरची फळी उकलली. फटीतून सब्बलीचं टोक आत आलं अन् मागं गेलं.

"खरं सांग. तुले मालूम होतं?"

तिकडून हुंदक्यांतून "हो" आलं.

"केव्हापासून?… हप्ता झाला कचेरीले कुलूप लागून? अन् काल बी त्याले सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणून?… साहेबानं धमकी दिली. बरं. मंग आता बोल. मले नाई, त्यायले सांग. थांब!"

काचांवरून रांगत जाऊन तिनं भोंग्याचा माईक ओढला, खटका दाबला आणि रिसीव्हर त्याला टेकवला.

"बोल, रीता!"

शेडवरच्या कर्ण्यांतून रीताचा रडका आवाज जंगलात घुमला. कंपनी बुडाली, मले माहीत होतं, मी भावाशी खोटं बोलली, त्याले काहीच ठाऊक नव्हतं. दोनदा तेच म्हणाली. बाहेर एका गुंड्यानं हातातली सळाक टाकून दिली. बुडालेली कंपनी त्यांनाही काही देणार नव्हती. दारावरचे घाव थांबले.

मग एका लाथेत दार आडवं झालं. नथ्थूभाऊ आत आला. सदरा रक्तानं माखलेला.

"पुढं नको येऊ, भाऊ! चिरून टाकीन!" नाहीद काचेचा तुकडा धरून प्रफुलसमोर उभी राहिली.

नथ्थूभाऊनं प्रफुलकडे पाहिलं. सब्बल हातातून गळाली. तो गुडघ्यांवर बसला अन् स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागला.

"हॅलो… आहेस ना? श्वास चालू आहे. अडकून अडकून, पन आहे… लोकायनं इंजिन खाली लोटलं, त्याच ट्रकात गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊन राह्यले. तू निघ, भेटेल ती एसटी पकड… कोनं उचललं? नथ्थूभाऊनं. एकट्यानं, खांद्यावर… हो, त्यानंच… नाई गं, एकटं नाई सोडत त्याच्यासंगं. मी बी चढून राह्यली. सब्बल आता माह्या हातात आहे. फोन ठेव."