पंप खाली ठेवा

बाळाच्या लशीसाठी नंबर लावून त्याची आई दवाखान्यात बसली होती. बाळ नुकतंच मांडीवर झोपलं होतं. तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या पोक्त बाईंपाशी एक तरुणी धापा टाकत आली.

"ताई, शेतीच्या वर्गात शिकवलंत तस्संच केलं. औषधाचा थेंब न मारता चवळी लावली. तरी काळ्या काटेरी अळ्या पडल्याच!"

"कुठं पडल्या?"

"शेंड्यांवर तो रस शोषणारा मावा किडा आहे ना, नेमक्या तिथंच."

"अंगावर नारिंगी ठिपके?"

"हो! बघवत नाही."

"पानं कुरतडलीत?"

"पानं... नाही हो. पानं धड आहेत."

"अगं वेडे, ती ढालकिड्याची पिल्लं. मावा खायला आलीत."

"तो काळ्या ठिपक्यांचा लाल, गोंडस किडा? त्याची पोरं अशी?"

"तुझी जन्मली तेव्हा काय राजबिंडी होती?"

"अगंबाई! आमचे हे पंप भरतायत तिकडे. म्हणाले, तुझे प्रयोग पुरे, आज औषध मारतो. एकदा मारलं की पिल्लंही गेली आणि माझी बिनऔषधाची शेतीही!"

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? फोन लाव!"

"उचलत नाहीत... हां, अहो! मारलंत का? नाही ना? पंप खाली ठेवा आधी. त्या अळ्या आपल्याच आहेत, मावा खातात... डोकं ठिकाणावर आहे माझं! ताईच म्हणतायत."

"काय म्हणाले?"

"ठेवला पंप. आणि विचारतायत, पोरांना मावा कमी पडला तर शेजाऱ्यांकडून मागून आणू का?"

दोघी हसत सुटल्या. बाळाची आईसुद्धा इतकी हसली, की मांडीवरचं बाळ जागं झालं.