चाकात अडकलेली ओढणी

माझ्या खिशातल्या मल्टिटूलला हसता ना, मग ऐका. पारोळ्याजवळ ही सारिका स्कूटी चालवत होती, मी मागे. माझी ओढणी मागच्या चाकात गेली. गाडी थांबली, पण माझ्या गळ्याला फास बसला.

“खिशात... चाकू!”

सारिकानं मल्टिटूल काढलं, पण चाकूचं पातं निघेना. हात कापेल या भीतीनं मी ते कधी उघडलंच नव्हतं.

“निघत नाहीये गं!” ती ओरडली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शेतात कापूस वेचणाऱ्या एक अक्का धावत आल्या. त्यांनी दातानं पातं ओढलं आणि ओढणी कापली. मी हमसून रडायला लागले.

अक्का ओढणीचा उरलेला तुकडा माझ्या डोक्यातोंडाला गुंडाळत म्हणाल्या, “रडी ले पोरी, पन तोंड बांधीसन रड. ऊन लागी जाई.”