आईची रांग

ऋचा : आई, बिशपचा चिठ्ठी कुठे ठेवलीस?

आई : ‘बिशपची’ चिठ्ठी. खासदार झालीस तरी चिठ्ठीला मिशा लावायचं काही सोडत नाहीस. टोस्टरमागे आहे बघ. पुन्हा कशाला वाचतेस? अक्षरं तीच आहेत.

ऋचा : वर ‘डिअर ऋचा’. खाली ‘विथ प्रेयर्स’. आणि मधे काय? तू गर्भपाताच्या बिलाला सपोर्ट केलास, म्हणून यापुढे चर्चमध्ये कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला येऊ नकोस. किती पोलाइटली हाकलतात ना!

आई : मत दिलंस ते चुकलंच तुझं. पोटातला जीव हा जीवच. लहानपणापासून हेच शिकवलं तुला.

ऋचा : मी एवढंच म्हटलं, की गर्भपात केलेल्या बाईच्या घरी पोलीस नको. तिला अजून ब्लीडिंग होतंय आणि ते विचारतात, तुझा फोन दाखव. हे तुला चालतं?

आई : नाही चालत. पण म्हणून हात वर करायचा?

ऋचा : हो, करायचा! आणि उद्या पप्पाला जाऊन वर्ष होतंय, त्या मिस्साच्या प्रार्थनेला पण करणार. मी रांगेत येणार, हात पुढे करून, सगळ्यांसमोर. तुझ्याच रांगेत.

आई : माझ्याच का? फादर सायमनच्या रांगेत जा की.

ऋचा : चौदा वर्षं तू चर्चमध्ये कम्युनियन वाटतेस. मी कधी दुसऱ्या रांगेत गेली का?

आई : फादर सकाळीच येऊन गेले. इथे परदेशात असले तरी आपल्याच वसईचे, बिचारे खाली मान घालून बसले होते. चहा पार गार झाला. म्हणाले, तिला येऊ दे, पण हात छातीवर आडवे धरून. कम्युनियन नाही, नुसता आशीर्वाद देऊ.

ऋचा : छोट्या मुलांना देतात तसा? मी अडतीस वर्षांची आहे!

आई : तेच म्हटलं मी त्यांना.

ऋचा : अजून काय म्हणाले?

आई : काही नाही. कांदा चिर तू.

ऋचा : आई.

आई : अगं, म्हणाले, तिनं हात पुढे केला आणि तुम्ही दिलंत, तर बिशप तुमची सेवा काढून घेतील. रविवारची आणि गुरुवारचीही.

ऋचा : गुरुवारची म्हणजे? तू हॉस्पिटलमध्ये पेशंट्सना कम्युनियन द्यायला जातेस ती?

आई : तीच. तुझे पप्पा गेल्यावर त्या गुरुवारांनीच मला उभं केलं गं. ती आयरिश म्हातारी आहे ना, मॉरीन, तिची नजर गेलीय. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखते मला. मी दारात असतानाच हात पुढे करते.

ऋचा : मग मी नाही येत. मागच्या बाकावर बसते. झालं. तुझा गुरुवार मी नाही घालवणार.

आई : एवढाच दम? पार्लमेंटमध्ये शेकडो लोकांसमोर तोंड उघडतेस, आणि इथे मागचा बाक?

ऋचा : तुझ्यासाठी करते ना!

आई : माझ्यासाठी नको करूस. ऐक. मी इथे नवी नर्स होते. व्हिसावर. एक दिवस थिएटरमध्ये गर्भपाताच्या ऑपरेशनला उभी राहा म्हणाले. मी म्हटलं, माझं मन घेत नाही. वाटलं, आता बांधा बोचकं आणि चला आपल्या गावी, गासला परत. आमची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य, चर्चची पायरी न चढणारी. ती म्हणाली, सिस्टर, मनाविरुद्ध इथे काही करायचं नाही. ड्यूटी बदलून दिली. पुढे एकतीस वर्षं तिथे काढली, पण कुणी साधा टोमणा मारला नाही.

ऋचा : हे तू मला कधीच सांगितलं नाही.

आई : विचारलंस कधी? देवाला न मानणाऱ्या बाईनं माझ्या मनाचा मान राखला. मग माझ्या चर्चनं माझ्या लेकीच्या मनाचा राखू नये? तुझं मत चुकलं, यावर मी तुझ्याशी मरेपर्यंत भांडेन. पण जेवायला बसलेल्याला भरल्या पानावरून उठवायचं? तुझे पप्पा सख्ख्या भावाशी बांधावरून वीस वर्षं कोर्टात भांडले. तरी तुझ्या बारशाला पहिलं पान त्यालाच वाढलं. वैऱ्यालाही असं उठवत नाहीत गं आमच्यात!

ऋचा : पण गुरुवार जाईल, आई.

आई : जाऊ दे. तो फोन दे इकडे. चोरून केलं असं नको व्हायला.

(आई फोन लावते.)

आई : हॅलो, फादर? मी बोलतेय. उद्या ऋचा माझ्या रांगेत येईल. हात पुढे करेल, आणि मी तिला देणार आहे... नाही फादर, तुमच्यावर कसला राग?... हो, हो, बिशपांना आजच कळवा. खुशाल कळवा... आणि एक ऐका. गुरुवारी दुसरं कुणी जाईल, त्यांना सांगा, मॉरीनला आधी नावानं हाक मारा आणि मगच हात लावा. नाहीतर दचकते ती.