सायलीची कंबर आणि माझं पिलाटे

हसू नका गं, पण मी हल्ली पिलाटेला जाते. झालं असं, आमची लेक सायली कबड्डी खेळताना पडली आणि तिची कंबर धरली. दुखणं थांबलं, पण चढाईला जायची तिची हिंमतच होईना. डॉक्टरांनी पोट-कंबर बळकट करणारा हा पिलाटेचा व्यायाम सांगितला. एकटी जाईना, म्हणून मी डोंबिवलीच्या क्लासला सोबत गेले.

तिथल्या बाई म्हणाल्या, "काकू, बाहेर कशाला बसताय? या आत."

मला वाटलं, झोपून पाय तर उचलायचेत, त्यात काय! पण पाय उचलून श्वास सोडला आणि माझं पोट असं थरथरायला लागलं की सायली खदखदून हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच. मग तिनेच हात देऊन मला उठवलं. मग आम्ही दोघी जायला लागलो.

परवा ठाकुर्लीला तिची मॅच होती. शेवटच्या चढाईत तिघींनी तिला धरलं. पण पोरीने कमरेतून पीळ देत अंग सोडवलं आणि मधल्या रेषेला हात टेकवला! मी सतरंजीवरून ताडकन उठून ओरडले.

सायली धापा टाकत माझ्याकडेच बघत राहिलेली.

म्हटलं, "अगं, जिंकलात ना! नाच की!"

"ते राहू दे," ती म्हणाली, "आई, तू कुणाचा हात न धरता उठलीस!"