गोठ्याची खोली

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, गल्लीतल्या शेजाऱ्यांनो,

कामं सोडून तुम्ही आमच्या अंगणात आलात. मला बोलायला उभं केलंत. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवताना मी तासन् तास बोलते. इथे शब्द सापडत नाहीत. बाबा असते तर म्हणाले असते, "बोल ना बाई, काऊन थांबली? गाडी सुटून राह्यली."

बाबांनी आयुष्यभर एटापल्लीची एसटी चालवली. जंगलातल्या गावांचे लोक त्यांना ओळखायचे. आपलं घर सरकारी दवाखान्याच्या मागे, हेही त्यांना ठाऊक होतं.

ही समोरची खोली. डिसेंबरात इथे नाताळचा गोठा मांडायचा, हा माझा हट्ट. गोठ्यात बाळंत झालेली मरीया, तिचं बाळ, मातीच्या मूर्ती, धानाचं तणस, लुकलुकते दिवे. बर्फ म्हणून कापूस. बाबा हसायचे. "गडचिरोलीत कुठी बर्फ पडते?" तरी चर्चचं बक्षीस आपल्याच गोठ्याला.

गेल्या वर्षीचं सांगते. तुम्ही अर्धंच ऐकलं आहे.

नाताळला चार दिवस होते. दुपारी एक माणूस दारात आला. त्याची बायको फाटकाशी उभी होती, दिवस भरलेली. "डायवर भाऊचं घर हेच का जी? डॉक्टर म्हनते अजून टाइम आहे. गाव लंबा पडते. आठ दिवस पडून राहू द्या जी."

बाबा बाजारात गेले होते. मी म्हणाले, "खोलीत गोठा मांडलाय. जागा नाही."

त्याने खिडकीतून आत पाहिलं. "चांगला झाला जी," म्हणाला. आणि दोघं गेली.

बाबा आले. मी सहज सांगितलं.

"काय म्हनली तू त्याले?"

मी सांगितलं.

"पुन्हा म्हन."

मी पुन्हा म्हणू लागले. अर्ध्यावर मला माझं वाक्य ऐकू आलं.

त्यांनी सायकल काढली. दवाखाना पाहिला, बसस्टँड पाहिला. ती दोघं सापडली नाहीत. बाबा परत आले आणि गोठा मोडायला बसले. "मातीच्या मरीयेले खोली देली," म्हणाले. "हाडामासाची फाटकातून वापस."

त्या नाताळला आपल्याकडे चांदणी नव्हती, केक नव्हता, करंज्या नव्हत्या. खोलीत दोन चटया, पाण्याचा माठ, एक स्टोव्ह. राहायला कोणीच आलं नाही. मी भांडले. म्हणाले, "बाबा, तुम्ही माझी चूक सगळ्या घराला जेवायला वाढलीत." दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला निघून गेले.

मग दवाखान्यात आलेली जंगलातल्या गावांची माणसं खोलीत राहायला यायला लागली. वर्षभर आली. मी एकदाही पाहायला आले नाही. मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. "या नाताळाले येशील ना?" मी म्हणाले, "बघते." काय बघायचं होतं मला?

परवा बाबांना मातीत ठेवून आलो. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी खोलीचं दार उघडलं. आत एक गरोदर बाई बसली होती, सासूसोबत. बाबांनीच ठेवलेली. तिने गाठोडं बांधलं होतं. "तुमच्या घरी मयत झाली बाई. आमी जातो."

हे तुम्हाला कळावं म्हणून उभी आहे: तोंडात गेल्या वर्षीचंच वाक्य आलं होतं. ते गिळायला वेळ लागला.

मग मी तिचं गाठोडं सोडलं. पाहुणे ओसरीत झोपले.

गेल्या वर्षीच्या त्या बाईचं काय झालं, मला माहीत नाही. बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. ते मला शांत बसू देत नाही. देऊ नये.

नाताळ आठ दिवसांवर आहे. यंदा गोठा मांडणार नाही. खोलीत माणसं आहेत.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू या. खोलीचं दार मी उघडंच ठेवलं आहे. आतून हाक आली, तर मी मध्येच जाईन. तुम्ही उभे राहा.

बाबा, सलाम.