नाव मी घातलं

यशोदाबाई : टोस्ट नकोत, हाशमभाऊ. आधी माझं ऐकून घ्या. पायानं मैदा तुडवतात तो व्हिडिओ मीच पाठवला होता.

हाशम : तो तर साऱ्या जळगावात फिरला, बाई. कुठला होता, अल्ला जाने.

यशोदाबाई : त्यात कुणाचं नाव नव्हतं. खाली मी लिहिलं, 'ही पिंप्राळ्यातली हाशमची बेकरी दिसते.' भिंतीच्या हिरव्या फरशा तुमच्यासारख्या वाटल्या मला.

(हाशम हातातला ट्रे खाली ठेवतो.)

हाशम : तुम्ही लिहिलं? इतकी वर्षं तुमच्या नाताळचे केक माझ्या भट्टीत भाजून नेता तुम्ही.

यशोदाबाई : म्हणून तर लोकांनी खरं मानलं. बाई तिथं जाते, तिला माहीत असणार.

हाशम : महिना झाला, मी विचार करतोय, कुणाचं काय बिघडवलं मी. लोक पाव परत आणून देत होते. आज कसं आलात?

यशोदाबाई : रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत फादर मोबाईलबद्दल बोलले. जिभेचं पाप आपण कबूल करतो, म्हणाले, अंगठ्याचं कोण करतं? घरी जाऊन व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला. भिंतीवरची पाटी कानडी निघाली.

हाशम : मग?

यशोदाबाई : पापकबुलीला गेले. वाटलं, दहा वेळा नमो मरियाची प्रार्थना म्हणायला सांगतील. तर म्हणाले, आधी त्या माणसाकडे जा, मग जिथं जिथं पाठवलं तिथं स्वतःच्या आवाजात सांग. चर्चचा ग्रुप, रिटायर नर्सेसचा ग्रुप, आणि चोपड्याची बहीण. रेकॉर्ड करून आणलंय. ऐका. 'नमस्कार. हाशमभाऊंच्या बेकरीबद्दल चुकीची माहिती गेली होती. तरी गैरसमज नसावा.'

हाशम : गेली होती? आपली आपण गेली?

यशोदाबाई : नाही.

हाशम : रागानं नाही बोलत, बाई. पण हे ऐकून लोक म्हणतील, काहीतरी असेलच.

यशोदाबाई : बरोबर आहे. पुसते हे. थांबा जरा, पुन्हा रेकॉर्ड करते... 'मी यशोदा गावित बोलतेय. मैदा तुडवण्याचा व्हिडिओ मी पाठवला. त्यात हाशमभाऊंचं नाव नव्हतं, नाव मी घातलं. ते खोटं होतं. मी त्यांच्याच दुकानात उभी आहे, इथलाच पाव घरी नेणार आहे. तुम्ही तो व्हिडिओ पुढं पाठवला असेल, तर हेही पाठवा.' आता?

हाशम : आता ठीक. पाठवा.

यशोदाबाई : गेलं. तिन्ही ठिकाणी... नाही, पाठवलं मी.

हाशम : बसा, चहा सांगतो. आणि ते मलाही पाठवा.

यशोदाबाई : तुम्ही तर समोर उभं राहून ऐकलंत.

हाशम : घरी बायकोला, रहिमाबीला ऐकवतो. महिनाभर गल्लीत कुणाच्या दारात बसायला गेली नाही ती.